गेल्या तीन महिन्यांचे शरीर : पुरुषांच्या प्रजननक्षमतेविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात वंध्यत्वाच्या तपासण्यांविषयी लिहिताना, दिवस राहण्यास अडचण येत असेल तर पुरुषाची तपासणी अगदी सुरुवातीलाच व्हावी, असे एक वाक्य मी ओघात लिहून गेलो होतो. त्या एका वाक्यावर आलेल्या पत्रांपैकी काही या अंकासाठी घेतली आहेत. निम्मी पत्रे पत्नींनी लिहिलेली होती, आणि पुरुषांनी लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक पत्रात ‘हे मी अजून कोणालाही सांगितलेले नाही’ अशा अर्थाचे एक तरी वाक्य होते. ज्या जोडप्यांना मूल होण्यात अडचण येते, त्यांच्यापैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण असते. कधी ते एकटेच असते, कधी पत्नीच्या बाजूच्या कारणासोबत असते. असे असूनही पत्नीची सोनोग्राफी, हार्मोनच्या चाचण्या, गर्भनलिकांची तपासणी हे सगळे उरकल्यावर कोणाला तरी वीर्यतपासणीची आठवण होते. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

प्रश्न : माझे वय ३४ आहे. लग्नाला चार वर्षे झाली, दीड वर्षापासून आम्ही मुलासाठी प्रयत्न करत आहोत. वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या ११ मिलियन, हालचाल २८ टक्के आणि योग्य आकाराचे शुक्राणू ३ टक्के आले. डॉक्टरांनी अहवाल पाहून ‘ताण कमी करा’ एवढेच सांगितले. माझ्या कामात रात्रपाळ्या असतात आणि गेल्या वर्षभरात कामाचे दडपण खूप वाढले आहे. हे सारे ताणामुळेच झाले आहे का? अहवाल आल्यापासून मला झोप लागत नाही.

उत्तर : तुमच्यासारखा अहवाल घेऊन येणारे पुरुष मला नेहमी भेटतात. कागद चार घड्या घालून पाकिटात ठेवलेला असतो, घड्यांवर तो फाटायला आलेला असतो आणि एखाद्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल केलेला असतो. म्हणून आधी त्या आकड्यांचा अर्थ पाहू.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत शुक्राणूंची संख्या दर मिलिलिटरला १६ मिलियन, म्हणजे १ कोटी ६० लाख, एकूण हालचाल ४२ टक्के आणि योग्य आकार ४ टक्के अशा खालच्या मर्यादा दिल्या आहेत. ज्या पुरुषांच्या पत्नींना एका वर्षाच्या आत दिवस राहिले, अशा तीन हजारांहून अधिक पुरुषांच्या तपासण्यांवरून त्या ठरवल्या गेल्या, आणि त्या अशा रीतीने ठरवल्या, की त्या बाप झालेल्या पुरुषांतही शंभरांतील पाच जणांचे आकडे मर्यादेच्या खालीच होते. त्यामुळे मर्यादेखालचा आकडा म्हणजे वंध्यत्वाचा शिक्का नव्हे, तसाच मर्यादेवरचा आकडा म्हणजे अपत्यप्राप्तीची हमीही नव्हे. योग्य आकाराचे शुक्राणू फक्त ३ टक्के, हे वाचून पुरुष हादरतात. पण निरोगी पुरुषाच्या वीर्यातही बहुसंख्य शुक्राणू या कडक निकषांवर अयोग्यच ठरतात, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

शिवाय एका तपासणीवरून काहीच ठरत नाही. एकाच पुरुषाचे आकडे दोन तपासण्यांत एकमेकांपासून पुष्कळ दूर असू शकतात. नमुना देताना पहिला भाग भांड्याबाहेर सांडला असेल तर संख्या हमखास कमी येते, कारण बहुतेक शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात. नमुना घरून नेताना तासाभराहून अधिक वेळ गेला असेल किंवा तो गार पडला असेल तर हालचाल मंदावते. साबण, तेल किंवा साधा निरोध वापरला असेल तर शुक्राणू मरतात. आधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस वीर्यपतन झालेले नसावे, हाही नियम आहे. यातले काय झाले होते ते तुम्हालाच आठवेल.

आता तुमचा मुख्य प्रश्न. वृषणात एक शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, आणि त्यानंतर वृषणाला लागून असलेल्या बारीक, वेटोळ्या नळीतून पुढे सरकत पोहण्याची ताकद मिळवण्यात आणखी आठवडा-दोन आठवडे जातात. म्हणजे आज तपासलेला नमुना जवळजवळ तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या कामाचा असतो. तीन महिन्यांपूर्वी तुम्हाला मोठा ताप आला होता का, हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, कारण दोन-तीन दिवसांच्या कडक तापाने पुढच्या दोन-अडीच महिन्यांची संख्या घसरते आणि नंतर आपोआप सावरते. तुम्ही हाच हिशेब स्वतःशी मांडा. त्या काळात किती रात्री जागलात, काय खाल्ले-प्यायले, कोणती औषधे घेतली, वजन किती वाढले, हे लिहून काढा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा.

ताणाचा शुक्राणूंवर थेट परिणाम होतो का? काही प्रमाणात होतो. दीर्घकाळ वाढलेले कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारे हार्मोन, मेंदूकडून वृषणांकडे जाणारा हार्मोनचा निरोप मंद करते, आणि ताणाखालील पुरुषांत वीर्याचे आकडे थोडे कमी असल्याचे काही अभ्यासांत दिसलेही आहे. तरीही एवढ्या घसरणीचे सारे खापर ताणावर फोडायला मी तयार नाही. ताण बहुतेक वेळा आडवाटेने काम करतो : तो झोप खातो, सिगारेट वाढवतो, रात्री उशिरा पोटभर खायला लावतो, व्यायाम बंद पाडतो आणि पती-पत्नींमधील जवळीक आठवड्यांवरून महिन्यांवर नेतो. झोपेचेच पाहा. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन प्रामुख्याने झोपेत वाढते. तरुण, निरोगी पुरुषांना आठवडाभर रोज फक्त पाच तास झोपू दिल्यावर त्यांच्या दिवसाच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये १० ते १५ टक्के घट झाल्याचे २०११ मधील एका लहान अभ्यासात दिसले होते. रात्रपाळी टाळता येत नसेल तर निदान पाळ्या दर दोन दिवसांनी बदलू नयेत एवढी विनंती वरिष्ठांना करून पाहा, आणि दिवसा झोपताना खोली पूर्ण अंधारी करा.

‘ताण कमी करा’ एवढेच सांगून रुग्णाला परत पाठवणे मला मान्य नाही. त्या वाक्याने एक नवा ताण तेवढा मिळतो, आणि तपासणी राहून जाते. तुमची शारीरिक तपासणी झालीच नसावी असे पत्रावरून वाटते. वृषणांभोवतीच्या फुगलेल्या शिरा, ज्यांना व्हेरिकोसील म्हणतात, त्या सर्वसाधारण पुरुषांत शंभरांतील सुमारे पंधरा जणांना असतात, तर वंध्यत्वासाठी आलेल्या पुरुषांत त्याचे प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत असते. त्या बहुधा डाव्या बाजूला असतात, उभे राहिल्यावर हाताला लागतात आणि योग्य व्यक्तीत छोट्या शस्त्रक्रियेने त्यांवर उपचार होतो. ही गाठोड्यासारखी शीर कोणत्याही विश्रांतीने जाणार नाही. तेव्हा दोन ते तीन महिन्यांनी दुसरी वीर्यतपासणी करा, त्याआधीच मूत्रविकार किंवा पुरुष-वंध्यत्वाच्या तज्ज्ञाकडून प्रत्यक्ष तपासून घ्या, आणि पत्नीचे वय ३५ किंवा त्याहून अधिक असेल तर तिच्या तपासण्या या काळात थांबवू नका. झोप न लागणे अजून दोन आठवडे चालू राहिले तर त्यासाठी वेगळी वेळ घेऊन डॉक्टरांना भेटा. तो या अहवालाचा उपविषय समजू नका.

प्रश्न : वय २९. दोन वर्षांपासून व्यायामशाळेत जातो. तिथल्या प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून वर्षभर टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने आणि काही गोळ्या घेतल्या. शरीर कमावले, ताकद वाढली, कामेच्छाही चांगली होती. लग्नानंतर तपासणी केली तर शुक्राणू शून्य. ज्या हार्मोनमुळे पुरुषत्व येते तेच घेऊन असे कसे झाले? आता इंजेक्शन बंद केले तर मला काही करावेसेच वाटत नाही.

उत्तर : तुमचा गोंधळ अगदी स्वाभाविक आहे, आणि तो वेळीच कोणी दूर केला असता तर ही वेळ आली नसती याचे मला मनापासून वाईट वाटते.

मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी रक्तातील टेस्टोस्टेरॉनवर सतत लक्ष ठेवून असते. ते पुरेसे आहे असे दिसले की ती वृषणांना पाठवायचे दोन्ही निरोप, म्हणजे एलएच आणि एफएसएच ही हार्मोन्स, बंद करते. बाहेरून इंजेक्शन घेतल्यावर रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर असते, त्यामुळे स्नायू वाढतात आणि इच्छाही टिकते. पण वृषणांना कामाचा निरोपच न आल्याने ते स्वतःचे टेस्टोस्टेरॉन तयार करणे थांबवतात. शुक्राणू घडण्यासाठी वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा अनेक पटींनी जास्त असावे लागते. रक्तातून ते तिथवर भरून येत नाही. हळूहळू वृषण आकाराने लहान आणि मऊ होतात, हे कदाचित तुमच्याही लक्षात आले असेल. हा परिणाम इतका भरवशाचा आहे, की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून टेस्टोस्टेरॉनच्या साप्ताहिक इंजेक्शनची सात देशांत चाचणी घेतली होती. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत निम्म्याहून अधिक पुरुषांचे शुक्राणू शून्यावर गेले होते.

चांगली गोष्ट ही, की बहुतेकांत हे काम पुन्हा सुरू होते. इंजेक्शने थांबवल्यावर साधारण सहा महिने ते एक वर्ष लागते, काहींना दोन वर्षेही लागतात. ज्यांनी वर्षानुवर्षे मोठ्या मात्रा घेतल्या किंवा ज्यांचे आकडे आधीपासूनच कमी होते, त्यांच्यात ते पूर्वपदावर येईलच असे छातीठोकपणे सांगता येत नाही. वृषणांना जागे करणारी औषधे आहेत, पण ती रक्तातील हार्मोन मोजून तज्ज्ञानेच द्यायची असतात. ती व्यायामशाळेतल्या ओळखीने मिळवून घेऊ नका, एवढी कळकळीची विनंती आहे.

तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. इंजेक्शन थांबल्यावर बाहेरचे टेस्टोस्टेरॉन संपलेले असते आणि आतले अजून सुरू झालेले नसते. या मधल्या पोकळीत थकवा, चिडचिड, कामेच्छा नाहीशी होणे, कशातच रस न वाटणे, कमावलेले शरीर उतरत असल्याची भीती, हे सारे एकदम अंगावर येते. याच टप्प्यावर पुष्कळ तरुण पुन्हा सुई हातात घेतात आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. ही उदासी म्हणजे तुमच्या मनाचा दुबळेपणा नव्हे, तिला शारीरिक कारण आहे आणि तिच्यावर उपचार आहेत. हार्मोनतज्ज्ञाला भेटताना ‘शुक्राणू शून्य आहेत’ याबरोबर ‘मन उतरले आहे’ हेही तितक्याच स्पष्टपणे सांगा. जगणे नकोसे वाटण्याचे विचार येत असतील तर हार्मोनच्या अहवालाची वाट पाहू नका. त्याच दिवशी पत्नीला किंवा मित्राला सोबत घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. व्यायाम सोडू नका, तो या दिवसांत तुमचा आधार आहे. मात्र व्यायामशाळा बदलता आली तर बदला.

प्रश्न : माझ्या पतींना तीन वर्षांपासून नैराश्यासाठी गोळ्या चालू आहेत आणि त्यांना बरे वाटते. आम्ही आता मुलाचा विचार करत आहोत. गोळ्यांमुळे शुक्राणू खराब होतात असे त्यांनी कुठेतरी वाचले आणि मला न सांगता आठ दिवसांपूर्वी गोळ्या बंद केल्या. आता त्यांना चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखे वाटते आणि ते लहानसहान गोष्टींवर चिडतात. काय करावे?

उत्तर : आधी आजच त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा. चक्कर, झटके बसल्यासारखी संवेदना आणि चिडचिड ही गोळ्या एकदम थांबवल्याची ठरलेली लक्षणे आहेत. पुन्हा किती मात्रेने सुरू करायचे हे डॉक्टर सांगतील.

तुमच्या पतींनी वाचले त्यात काही तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. नैराश्यावरील एसएसआरआय गटातील काही औषधांनी शुक्राणूंमधील डीएनएची मोडतोड वाढल्याचे लहान अभ्यासांत आढळले आहे. मात्र त्यामुळे प्रत्यक्षात मुले होण्याचे प्रमाण घटते असे सिद्ध झालेले नाही. याच औषधांनी कामेच्छा कमी होणे आणि वीर्यपतनास फार वेळ लागणे हे दुष्परिणाम मात्र पुष्कळांना होतात, आणि डॉक्टरांना सांगायला लाज वाटते म्हणून ते वर्षानुवर्षे सोसले जातात. यावर मात्रा कमी करणे किंवा ज्यात हे दुष्परिणाम कमी आहेत असे औषध निवडणे हे मार्ग आहेत.

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहायला हवे. अमेरिकेत वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या जोडप्यांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या पुरुषांना तीव्र नैराश्य होते त्यांच्या जोडप्यांत गर्भधारणेचे प्रमाण बरेच कमी आढळले. अशा पुरुषांची संख्या त्यात थोडी होती, म्हणून मी त्यावरून मोठा निष्कर्ष काढणार नाही. परंतु उपचार न घेतलेले नैराश्य भूक, झोप, इच्छा आणि नाते यांचे काय करते हे तुम्ही तीन वर्षांपूर्वी घरातच पाहिले आहे. मूल झाल्यानंतरच्या जागरणाच्या महिन्यांत तुम्हा दोघांनाही त्यांचे मन स्थिर हवे असणार आहे. म्हणून मनाचे औषध आणि मूल यांपैकी एक निवडायचे आहे, अशी मांडणीच मनातून काढून टाका.

काही औषधांची गोष्ट वेगळी आहे. मनाच्या लहरींवर आणि अपस्मारावर दिले जाणारे व्हॅल्प्रोएट पुरुष घेत असतील, तर गर्भधारणेपूर्वीच्या तीन महिन्यांतील वापराबाबत युरोपातील औषध नियंत्रकांनी २०२४ मध्ये सावधगिरीची सूचना दिली आहे. मनोविकारांवरील रिस्पेरिडोनसारख्या औषधाने प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढून टेस्टोस्टेरॉन घटू शकते. केस गळण्यावरचे फिनास्टेराइड आणि आतड्यांच्या आजारावरचे सल्फासॅलाझिन यांनीही काही पुरुषांत संख्या कमी होते आणि थांबवल्यावर ती बहुधा सावरते. म्हणून पतींच्या सर्व औषधांची यादी करा, आणि काहीही बंद करायच्या आधी ती मानसोपचारतज्ज्ञ आणि वंध्यत्वाचे डॉक्टर अशा दोघांनाही दाखवा.

प्रश्न : मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये पत्नीच्या बीजोत्सर्गाचा दिवस दिसतो. त्या दिवशी ती मला दुपारीच निरोप पाठवते. मी घरी पोहोचतो तोवर पोटात गोळा आलेला असतो. गेल्या चार महिन्यांत तीन वेळा ऐन वेळी ताठरता गेली. इतर दिवशी काही अडचण नसते. पत्नी काही बोलत नाही, पण कूस बदलून झोपते. मला काय झाले आहे?

उत्तर : इतर दिवशी अडचण नसते, हे वाक्य तुम्ही लिहिलेत म्हणून बरे झाले. त्यावरून, आणि पहाटे ताठरता येत असेल तर आणखी खात्रीने, तुमच्या शिरा आणि नसा ठीक आहेत असे समजता येते. ताठरता येण्यासाठी शरीर निवांत असावे लागते. परीक्षेला बसल्यासारखी भीती वाटली की शरीर पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीत जाते, अ‍ॅड्रेनालिन वाढते, शिश्नाकडील रक्तवाहिन्या आकसतात, आणि इच्छा कितीही असली तरी शरीर साथ देत नाही. एकदा असे झाले की पुढच्या महिन्यात ‘पुन्हा तसेच झाले तर’ ही धास्ती आधीच हजर असते. मुलासाठी दीर्घकाळ प्रयत्न करणाऱ्या कित्येक पुरुषांना हे होते, आणि प्रत्येकाला ते आपल्या एकट्यालाच झाले असे वाटते.

ज्या एका दिवसावर तुम्ही दोघांनी एवढा भार टाकला आहे, तो दिवस मुळात एवढा निर्णायक नाही. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर १२ ते २४ तासच टिकते हे खरे, पण शुक्राणू गर्भाशयात आणि नलिकेत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून गर्भधारणा होऊ शकते असे दिवस एकूण सहा असतात : बीजोत्सर्गाचा दिवस आणि त्याआधीचे पाच. खरे तर संधी जास्त असते ती बीजोत्सर्गाच्या आधीच्या एक-दोन दिवसांत. आठवड्यातून दोन-तीन वेळा, मनाला येईल तेव्हा, महिनाभर जवळ येणाऱ्या जोडप्याला अ‍ॅप न पाहताही ते दिवस सापडतात. ‘त्या’ दिवसासाठी पंधरा-पंधरा दिवस वीर्य राखून ठेवण्याचाही उपयोग नाही. साठून राहिलेल्या शुक्राणूंची संख्या वाढते, पण हालचाल आणि डीएनएची प्रत उतरते.

माझी सूचना अशी, की पुढचे दोन महिने अ‍ॅप पत्नीने हवे तर स्वतःपुरते पाहावे, पण दुपारचा तो निरोप बंद करावा. मूल होण्याची शक्यता नसलेल्या दिवसांतही, संबंध यायचाच असे न ठरवता, एकमेकांना स्पर्शाने जवळ करण्यासाठी वेळ काढा. आणि त्या कुशीवर वळलेल्या पत्नीशी बोला. ती रागावली आहे असे तुम्ही धरून चालला आहात; अशा स्त्रिया जेव्हा एकट्या माझ्याशी बोलतात, तेव्हा त्या बहुधा ‘मी त्याला आता आवडत नाही का’ असे विचारतात. दोघेही अंधारात एकमेकांविषयी चुकीचे समजून जागे असतात. एवढ्याने फरक पडला नाही तर लैंगिक समस्यांचे समुपदेशन घ्या. ताठरतेच्या गोळ्यांनीही आत्मविश्वास परत यायला मदत होते, पण त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. हृदयविकारासाठी नायट्रेट गटातील औषध घेणाऱ्याने त्या कदापि घेऊ नयेत. पुढे कधी पहाटेची ताठरताही कमी झाली तर मात्र साखर, रक्तदाब आणि हृदय तपासून घ्या, कारण कित्येकदा हृदयविकाराची पहिली सूचना तिथेच मिळते.

प्रश्न : घट्ट अंतर्वस्त्रे, मांडीवरचा लॅपटॉप आणि खिशातला मोबाइल यांनी खरोखर काही बिघडते का?

उत्तर : वृषणांना शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते, म्हणूनच ते पोटाबाहेर असतात. मांडीवर लॅपटॉप ठेवून तासभर बसल्यावर अंडकोशाचे तापमान अडीच अंशांहून अधिक वाढते असे २००५ मध्ये मोजले गेले आहे. तेव्हा लॅपटॉप टेबलावर ठेवा. ६५६ पुरुषांच्या २०१८ मधील एका अभ्यासात सैल अंतर्वस्त्रे वापरणाऱ्यांची शुक्राणूसंख्या सुमारे २५ टक्के अधिक होती, पण घट्ट वापरणाऱ्यांचीही संख्या सर्वसाधारणपणे मर्यादेच्या वरच होती. सैल कपडे घालण्यात तोटा काहीच नाही. सॉना आणि फार गरम पाण्यात बसून राहणे या काळात टाळा. मोबाइलबाबत पुरावा ठाम नाही. स्वित्झर्लंडमधील तरुणांच्या २०२३ मधील अभ्यासात वारंवार वापराशी कमी संख्येचा संबंध दिसला, पण फोन खिशात ठेवण्याशी दिसला नाही.

प्रश्न : मी रोज दहा सिगारेट ओढतो आणि शनिवार-रविवारी मद्य घेतो. औषधाच्या दुकानदाराने शुक्राणू वाढवणाऱ्या कॅप्सूल दिल्या आहेत. त्या घेतल्या तर सिगारेट हळूहळू सोडली तरी चालेल का?

उत्तर : कॅप्सूल आणि सिगारेट यांची अशी वजाबाकी होत नाही. धुरातील कॅडमियमसारखे विषारी घटक आणि त्यांनी वाढणारे ऑक्सिडीकरण शुक्राणूंची संख्या व हालचाल कमी करतातच, शिवाय त्यांच्या डोक्यात बांधून ठेवलेल्या डीएनएलाही इजा करतात. स्त्रीबीजाजवळ डीएनए दुरुस्तीची थोडीफार सोय असते. शुक्राणूजवळ ती जवळजवळ नसते. गांजाविषयीही पुरावा बहुतांशी प्रतिकूलच आहे. मद्य अधूनमधून थोडे घेतल्याने वीर्यात फारसा फरक आढळत नाही, पण शनिवार-रविवारच्या दोन रात्रींत आठवड्याचा कोटा संपवणे यात बसत नाही. जास्त मद्याने टेस्टोस्टेरॉन घटते आणि वजन वाढते. वाढलेल्या पोटातली चरबी टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते, ही आणखी एक हानी.

कॅप्सूलविषयी सांगायचे तर झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिड पुरुषांना देऊन २,३७० जोडप्यांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली. २०२० मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा या गोळ्यांनी ना वीर्य सुधारले, ना मुले होण्याचे प्रमाण वाढले. इतर अँटिऑक्सिडंट मिश्रणांचा पुरावाही कच्चाच आहे. ते पैसे तंबाखू सोडवणाऱ्या उपचारांवर खर्च करा. एक तारीख ठरवून सिगारेट पूर्ण सोडा, तलफेसाठी निकोटीनचे च्युइंगगम किंवा पट्टी डॉक्टरांना विचारून वापरा, आणि त्या तारखेपासून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करा. सोडताना पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चिडचिड होते. ती ओसरते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : वय ३७. दोन तपासण्यांत शुक्राणू शून्य आले. मला कोणतेही व्यसन नाही, रोज चालतो, वजन बेताचे आहे. वर्षभर सांगितलेली प्रत्येक गोष्ट पाळली. किशोरवयात मला हस्तमैथुनाची सवय होती. ही त्याची शिक्षा आहे का? पत्नीला मी ‘अहवाल अजून यायचा आहे’ असे सांगितले आहे.

उत्तर : नाही. हस्तमैथुनाने शुक्राणू संपत नाहीत, पातळ होत नाहीत आणि वीस वर्षांनंतर तर मुळीच नाहीत. वयात आल्यापासून वृषण प्रत्येक क्षणी नवे शुक्राणू घडवत असतात. किशोरवयातले कधीच गेले. ही अपराधीपणाची भावना घेऊन पन्नाशी गाठलेले पुरुष मी पाहिले आहेत, आणि एवढी साधी माहिती त्यांच्यापर्यंत तीस वर्षे पोहोचू नये याचे मला फार दुःख होते.

जीवनशैलीविषयी एवढे लिहिल्यानंतर हेही स्पष्ट लिहायला हवे, की शून्य शुक्राणू ही बहुधा जीवनशैलीने होणारी गोष्ट नसते. इंजेक्शनांसारखे ठळक कारण सोडले, तर ते चालण्याने येत नाहीत आणि न चालण्याने जात नाहीत. सुमारे शंभर पुरुषांत एकाला ही स्थिती असते. तिचे दोन प्रकार आहेत : शुक्राणू तयार होतात पण वाट बंद असते, किंवा वृषणात ते तयारच होत नाहीत अथवा फार थोडे होतात. वृषणांचा आकार, रक्तातील एफएसएच व टेस्टोस्टेरॉन आणि वीर्याचे प्रमाण यांवरून तज्ज्ञाला बरेचसे कळते. दुसरा प्रकार असेल तर गुणसूत्रांची आणि वाय गुणसूत्रातील तुटलेल्या भागांची चाचणी करतात. एक जादा एक्स गुणसूत्र असण्याची स्थिती, जिला क्लाइनफेल्टर म्हणतात, सुमारे सहाशे पुरुषांत एकाला असते आणि अनेकांना ती अशा वेळीच प्रथम कळते. तरुणपणी गालगुंड झाले असताना वृषण सुजले होते का, लहानपणी वृषण खाली न उतरल्याने किंवा हर्नियासाठी शस्त्रक्रिया झाली होती का, हे घरातल्या मोठ्यांना विचारून ठेवा.

वाट बंद असेल तर वृषणातून किंवा त्याला लागून असलेल्या नळीतून शुक्राणू बहुतेक वेळा मिळतात. तयार होण्यातच अडचण असेल तरी सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या शस्त्रक्रियेत बऱ्याच जणांच्या वृषणात कुठेतरी थोडे शुक्राणू सापडतात, आणि एकच शुक्राणू स्त्रीबीजात सोडण्याची पद्धत १९९२ पासून उपलब्ध आहे. काहींना तरीही ते सापडत नाहीत. तेव्हा दात्याचे शुक्राणू, दत्तक किंवा मुलाशिवायचे आयुष्य यांतले काय स्वीकारायचे, हे दोघांनी मिळून, घाई न करता ठरवायचे असते, आणि त्याआधी दुःख करायला वेळ द्यायचा असतो. पुरुषाच्या या दुःखाला भेटायला कोणी येत नाही, म्हणून समुपदेशकाची मदत मी तपासण्यांच्या बरोबरीनेच सुचवतो.

आता पत्नीला सांगायचे राहिले. पुढच्या प्रत्येक तपासणीत आणि निर्णयात ती असणारच आहे, आणि उशीर जितका होईल तितके तिला अहवालापेक्षा लपवण्याचे वाईट वाटेल. लांब प्रस्तावना करू नका. दोघांनाच निवांत वेळ असेल तेव्हा दोन्ही कागद तिच्या हातात द्या, ‘मला हे इतके दिवस सांगता आले नाही’ असे म्हणा आणि तिला वाचू द्या. तज्ज्ञाच्या पहिल्या भेटीची वेळ दोघांच्या नावाने घ्या.